वैद्यकी सोडून यकृतकांच्या मागे

पावसाळा स्थिरावला की पालघरजवळच्या काळदुर्गाच्या वाटेवर आणि बोईसर-तारापूर परिसरातील जुन्या दगडी भिंतींवर हिरव्या, चपट्या पापुद्र्यांचा थर चढतो. आपण त्यास सरसकट शेवाळ म्हणून मोकळे होतो. वस्तुतः लाव्हारसापासून घडलेल्या इथल्या काळ्या पाषाणावर यकृतका म्हणजे लिव्हरवर्ट आणि शृंगका म्हणजे हॉर्नवर्ट याही वनस्पती उगवतात. त्यांना खरी मुळे नाहीत, फुले नाहीत. बाजारात किंमत तर नाहीच. अशा वनस्पतींना भारतीय विज्ञानात मानाचे स्थान मिळवून देणारे प्रा. शिवराम कश्यप हे मूळचे डॉक्टर होते.

६ नोव्हेंबर १८८२ रोजी पंजाबातील झेलम येथे त्यांचा जन्म झाला. आग्र्याच्या वैद्यकीय विद्यालयातून १९०४ मध्ये ते उत्तीर्ण झाले आणि सरकारी सेवेत दाखल झाले. स्थिर नोकरी हाती असताना त्यांनी पुन्हा विद्यार्थीदशा पत्करली. पंजाब विद्यापीठाच्या विज्ञान परीक्षा दिल्या, पुढे केंब्रिज गाठले आणि १९१२ मध्ये परतून लाहोरच्या गव्हर्न्मेंट कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. बिरबल साहनी हे त्यांचेच विद्यार्थी.

वर्गापेक्षा डोंगरात ते अधिक रमत असावेत. हिमालय त्यांनी पायी तुडवला, तिबेटात कैलास-मानसरोवरापर्यंत मजल मारली. त्या भटकंतीतून ऐचिसोनिएला, स्टीफनसोनिएला, सेवार्डिएला अशा नव्या प्रजाती शास्त्राला मिळाल्या. पश्चिम हिमालय आणि पंजाबच्या मैदानातील यकृतकांवरील त्यांचा ग्रंथ १९२९ व १९३२ असा दोन भागांत लाहोरहून प्रसिद्ध झाला.

केवळ नोंदी करून ते थांबले नाहीत. साध्या, सपाट यकृतका आधीच्या आणि गुंतागुंतीच्या नंतरच्या, असा समज तेव्हा रूढ होता. कश्यप यांनी तो उलटा केला. ओलाव्यात राहता राहता अनावश्यक अवयव झडत गेले आणि साधेपणा आला, अशी त्यांची मांडणी होती. ती सर्वांना पटली नाही. यकृतकांच्या उगमाविषयीचे त्यांचे सगळे तर्क आज कोणी स्वीकारत नाही. मात्र काही साधी रूपे ऱ्हासातूनच घडली, याला एकविसाव्या शतकातील जनुकीय अभ्यासाने दुजोरा दिला आहे.

१९३२ मध्ये ते भारतीय विज्ञान परिषदेचे अध्यक्ष झाले. २६ नोव्हेंबर १९३४ रोजी, वयाच्या अवघ्या ५२ व्या वर्षी, लाहोरला त्यांचे निधन झाले. लाहोर परिसरातील वनस्पतींवरील त्यांचे पुस्तक सहकारी अमरचंद जोशी यांच्या साहाय्याने १९३६ मध्ये बाहेर आले.

आपल्याशी त्यांचा संबंध काय, असे कोणी विचारेल. सह्याद्रीच्या ओल्या, अंधाऱ्या कपारींत पिवळसर हिरवी चमकणारी एक यकृतका आढळते. उन्हाळ्यात ती वाळून जाते, पण मातीतील इवल्याशा कंदांच्या बळावर पहिल्या पावसात पुन्हा उगवते. सायथोडियम ट्यूबरोसम हे तिचे नाव कश्यप यांनी दिलेले आहे.