रेडिओने नाकारलेला आवाज : शेख इमाम

अरबी गायनाचा विषय निघाला की पहिले नाव येते ते उम्म कुलसुम यांचे. महिन्यातून एकदा, गुरुवारी रात्री त्यांची मैफल इजिप्तच्या रेडिओवरून प्रक्षेपित होत असे आणि देशोदेशीचे अरब श्रोते ती कान देऊन ऐकत. त्याच काळात, त्याच कैरो शहरात आणखी एक आवाज घडत होता. अल्-अझहर मशिदीच्या परिसरातील घुरिया या जुन्या वस्तीत होश कदम नावाची एक अरुंद गल्ली आहे. तेथील एका साध्या खोलीत ऊद हे तंतुवाद्य मांडीवर घेऊन एक अंध गायक गात असे. त्याच्यासाठी ना सभागृह होते, ना वाद्यवृंद आणि, काही आठवड्यांचा अपवाद वगळता, ना रेडिओ. तरीही त्याची गाणी कैरो विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ होती. शेख इमाम या नावाने अरब जगताला परिचित असलेल्या या गायकाचे पूर्ण नाव इमाम मोहम्मद अहमद इसा.

त्यांचा जन्म २ जुलै १९१८ रोजी गिझा प्रांतातील अबू अन्-नुमरुस या खेड्यात एका गरीब कुटुंबात झाला. तान्हेपणीच डोळ्यांच्या आजारावर गावठी उपचार झाले आणि दृष्टी कायमची गेली. त्या काळच्या इजिप्तमध्ये अंध मुलासाठी सन्मानाची वाट एकच होती, ती म्हणजे कुराण मुखोद्गत करून पठण करणाऱ्या शेखची. इमाम यांनी बालवयातच ही वाट धरली. पाठांतर विलक्षण होते, गळाही होता. वडिलांनी पुढील शिक्षणासाठी त्यांना कैरोला एका कर्मठ धार्मिक संस्थेत धाडले. तेथे त्यांच्या हातून गुन्हा घडला तो रेडिओ ऐकण्याचा. शेख मोहम्मद रिफअत हे त्या काळातील श्रेष्ठ कुराणपठक. त्यांचे पठण रेडिओवर ऐकत असल्याचे आढळताच या विद्यार्थ्याला संस्थेतून काढून टाकण्यात आले. कारण रेडिओ हीच त्या मंडळींच्या लेखी पाखंडी वस्तू होती. वडिलांचाही रोष ओढवला. पुढे आयुष्यभर रेडिओने ज्यांना दारात उभे केले नाही, त्यांच्यावर पहिली शिक्षा ओढवली तीही रेडिओपायीच.

त्यानंतरची काही वर्षे अक्षरशः फकिरीत गेली. मिळेल तेथे कुराणपठण करायचे, लग्नसमारंभात गायचे आणि कुठेतरी पाठ टेकायची, असा दिनक्रम होता. याच काळात संगीताचे जाणकार शेख दरवीश अल्-हरिरी यांच्या कानावर हा आवाज पडला. त्यांनी इमाम यांना सुरांचे शास्त्र आणि ‘मुवश्शह’ या जुन्या गायनप्रकाराचे धडे दिले. त्यांच्यामुळेच ख्यातनाम संगीतकार झकरिया अहमद यांच्याकडे इमाम यांचा प्रवेश झाला. झकरिया हे उम्म कुलसुम यांच्यासाठी चाली बांधत असत. एकदा ऐकलेली चाल न विसरणारा हा अंध तरुण म्हणजे त्यांची जिवंत वहीच होती. असे सांगतात की, उम्म कुलसुम यांनी गाण्यापूर्वीच त्या नव्या चाली इमाम यांच्या तोंडून बाहेर पडू लागल्या आणि झकरिया यांनी त्यांना निरोप दिला. पण जे शिकायचे होते ते शिकून झाले होते. ऊदही त्यांनी हस्तगत केला.

या शिक्षणाचा तपशील महत्त्वाचा आहे, कारण शेख इमाम यांना केवळ घोषणा गाणारा गायक समजण्याची चूक अनेकदा केली जाते. त्यांच्या गळ्यात कुराणपठणाची शिस्त होती, मुवश्शहाची लयकारी होती आणि सय्यद दरवीश यांचा आदर्श होता. १८९२ मध्ये अलेक्झांड्रियात जन्मलेल्या आणि जेमतेम ३१ वर्षे जगलेल्या दरवीश यांनी हमाल, नावाडी, कारागीर यांच्या बोलीत गाणी बांधली होती. ब्रिटिशांविरुद्धच्या १९१९ च्या उठावात ती रस्त्यावर गाजली. इमाम यांनी हीच परंपरा पुढे नेली. मात्र वयाची चाळिशी उलटेपर्यंत ते इतरांच्याच चाली गात होते. स्वतःची चाल बांधावी असे शब्द त्यांना मिळाले नव्हते.

ते शब्द १९६२ मध्ये चालत आले. अहमद फुआद नेग्म हे नुकतेच तुरुंगातून सुटलेले कवी. बालपण अनाथाश्रमात गेलेले, नाना प्रकारची मजुरी केलेले, सरकारी कागदपत्रांच्या अफरातफरीबद्दल शिक्षा भोगलेले आणि तुरुंगातच पहिला कवितासंग्रह लिहून झालेले. एका परिचितामार्फत ते होश कदममध्ये इमाम यांचे गाणे ऐकायला आले आणि मग तिथलेच झाले. नेग्म यांनी लिहायचे, इमाम यांनी चाल बांधून गायचे आणि मोहम्मद अली या स्वयंशिक्षित चित्रकाराने ताल धरायचा, असे हे बिऱ्हाड जमले. आरंभीची गाणी प्रेमाची आणि थट्टेची होती. राजकारण त्यांत फारसे नव्हते.

जून १९६७ च्या पराभवाने सारे बदलले. सहा दिवसांच्या युद्धात इस्राएलने इजिप्तचे हवाईदल जमिनीवरच उद्ध्वस्त केले आणि सिनाईचे वाळवंट हातचे गेले. राष्ट्राध्यक्ष गमाल अब्देल नासर यांचा रेडिओ मात्र पहिले काही दिवस विजयाच्याच बातम्या देत होता. गाणे हे नासर यांच्या राजवटीचे एक मोठे शस्त्र होते. नामवंत गायकांनी क्रांतीची आणि नेत्याची स्तोत्रे गायिली होती. ज्या रेडिओवरून ती स्तोत्रे घरोघर पोहोचली, तोच रेडिओ खोटा ठरला होता. अशा वेळी होश कदममधून जे गाणे बाहेर पडले ते रणांगणावरून परतणाऱ्या सेनाधिकाऱ्यांचे उपरोधिक स्वागत करणारे होते. दुसऱ्या एका गाण्यात लोककथेतल्या हाहाच्या गाईचे रूपक होते. गाय दुभती, पण दूध परके पिऊन जातात आणि घरातले गप्प बसतात. ती गाय म्हणजे इजिप्त, हे कोणाला समजावून सांगावे लागले नाही.

ऑक्टोबर १९६७ मध्ये बोलिव्हियात चे गव्हेरा मारला गेला. त्याच्यावरील शोकगीताने ही जोडी इजिप्तबाहेरही पोहोचली. या गीतात इमाम यांचा गळा वेगळाच लागतो. मृत्यूची वार्ता सांगणाऱ्या माणसाच्या सपाट, कोरड्या स्वराने ते सुरू होते आणि मग हळूहळू मर्तिकाच्या घरातील आक्रोशाकडे सरकते. अर्जेंटिनात जन्मलेल्या क्रांतिकारकासाठी कैरोच्या गल्लीतला शेख धाय मोकलून गातो, यात कोणाला विसंगती वाटली नाही, याचे श्रेय चालीला द्यावे लागेल.

फेब्रुवारी १९६८ मध्ये हवाईदलाच्या अधिकाऱ्यांना सौम्य शिक्षा झाल्या, तेव्हा हेलवानचे कामगार आणि पाठोपाठ विद्यार्थी रस्त्यावर उतरले. त्यांच्या ओठांवर होश कदमची गाणी होती. सरकारने आधी जवळ घेण्याचा मार्ग चोखाळला. पत्रकार संघात कार्यक्रम झाला, रेडिओची दारे उघडली, वृत्तपत्रांत कौतुक छापून आले. पण रेडिओला हवा होता तो निरुपद्रवी लोकगायक, आणि तो काही हाती लागेना. पाहुणचार लवकरच संपला. नंतर चरस बाळगल्याचा आरोप ठेवण्यात आला; तो न्यायालयात टिकला नाही. अखेर १९६९ मध्ये इमाम आणि नेग्म या दोघांनाही तुरुंगात डांबण्यात आले. नासर हयात असेपर्यंत ते सुटणार नाहीत, अशी त्या वेळी बोलवा होती आणि घडलेही तसेच. नासर सप्टेंबर १९७० मध्ये निवर्तले. हे दोघे १९७१ मध्ये बाहेर आले. पन्नाशी ओलांडलेल्या अंध माणसाला गाण्यापायी कोठडीत ठेवावे लागावे, ही त्या गाण्याच्या ताकदीची सरकारी पावतीच होती.

नव्या राजवटीकडून कृपा होण्याची शक्यता होती, पण ती या मंडळींनीच होऊ दिली नाही. जानेवारी १९७२ मध्ये कैरो विद्यापीठात विद्यार्थ्यांनी ठिय्या दिला, तेव्हा त्यांचे स्वागत करणारे गाणे होश कदममधून आले. याच सुमारास दिग्दर्शक युसुफ शाहिन यांनी १९६७ च्या पराभवावर ‘अल्-उस्फुर’ म्हणजे ‘चिमणी’ हा चित्रपट काढला आणि त्यात इमाम यांचे गाणे वापरले. मातृभूमीला बहिय्या या खेडवळ स्त्रीच्या रूपात पाहणारे हे गाणे त्यांच्या सर्वांत हळव्या रचनांपैकी एक आहे. टवाळीसाठी प्रसिद्ध असलेला हा गायक माया करू लागला की किती साधा होतो, ते येथे कळते.

टवाळीचा कळस झाला जून १९७४ मध्ये. अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन वॉटरगेट प्रकरणात गळ्यापर्यंत बुडालेले असताना कैरोला आले. राष्ट्राध्यक्ष अन्वर सादात यांनी त्यांचे भव्य स्वागत केले. रस्त्यांवर गर्दी लोटली. सरकारी माध्यमांत या स्वागतापलीकडे काही नव्हते. होश कदमने मात्र आपला स्वतंत्र स्वागतसोहळा केला. निक्सन यांना ‘बाबा’ म्हणून संबोधणारे हे गाणे वरवर वरातीचे वाटते. आतून ते पाहुणा आणि यजमान दोघांचीही सालटी काढते. दोन महिन्यांत निक्सन यांना पायउतार व्हावे लागले. गाणे मात्र टिकून राहिले. फ्रान्सचे अध्यक्ष व्हालेरी जिस्कार देस्तँ १९७५ च्या अखेरीस येऊन गेले, तेव्हा त्यांच्याही वाट्याला असेच गाणे आले. त्यात इमाम यांनी फ्रेंच उच्चारांचे असे अनुनासिक सोंग काढले आहे की, अरबीचा गंध नसलेल्या श्रोत्यालाही हसू आवरत नाही.

ही गाणी पसरली कशी, हा प्रश्न येथे पडणे साहजिक आहे. रेडिओ बंद, दूरचित्रवाणी बंद, ध्वनिमुद्रिका काढण्यास देशात कोणी धजावत नव्हते. उत्तर आहे कॅसेट. सत्तरच्या दशकात साधे ध्वनिमुद्रण यंत्र मध्यमवर्गीयांच्या हाती आले. आखाती देशांत नोकरीला गेलेले इजिप्शियन ते घेऊन परतत. कोणाच्या तरी घरी बैठक जमायची, यंत्र मध्यभागी ठेवले जायचे. त्या कॅसेटवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी. प्रत्येक नकलेगणिक आवाज बसत जाई, खरखर वाढत जाई. आज उपलब्ध असलेली त्यांची बहुतांश मुद्रणे अशीच आहेत. त्यांत श्रोत्यांचा हशा ऐकू येतो, मध्येच कोणी ओळ उचलतो, टाळ्यांचा ताल कधी पुढे पळतो. स्वच्छ मुद्रणाच्या शोधात असणाऱ्या रसिकांची येथे निराशा होईल. पण उम्म कुलसुम यांच्या मुद्रणात जसा वाद्यवृंद ऐकू येतो, तशी येथे ती खोली ऐकू येते. १९७० च्या दशकाच्या मध्यावर फ्रान्समध्ये त्यांची एक ध्वनिमुद्रिका निघाली खरी. मायदेशात मात्र सारी भिस्त खरखरत्या फितींवरच राहिली.

जानेवारी १९७७ मध्ये सादात सरकारने पाव आणि इतर जीवनावश्यक वस्तूंवरील अनुदान कमी केले आणि दोन दिवस इजिप्त पेटला. सरकारला निर्णय मागे घ्यावा लागला. नंतर धरपकड सुरू झाली. नेग्म यांना सादात यांच्या भाषणशैलीचे विडंबन केल्याबद्दल लष्करी न्यायालयाने शिक्षा ठोठावली. इमाम यांच्याही तुरुंगवाऱ्या या काळात चुकल्या नाहीत. कवी झैन अल्-आबिदिन फुआद यांच्या, किल्ल्याच्या तुरुंगात जमलेल्या प्रेमिकांवरील कवितेला त्यांनी चाल दिली. ही प्रेमिक मंडळी म्हणजे देशावर प्रेम केल्याबद्दल आत गेलेले तरुण. १९७९ मध्ये इस्राएलशी करार झाल्यावर सादात यांनी जुने राष्ट्रगीत बदलले आणि सय्यद दरवीश यांच्या चालीचे गीत स्वीकारले. दरवीश यांचा वारसा असा शासकीय इतमामाने मिरवला जात असताना त्यांचा सर्वांत निष्ठावंत वारस रेडिओच्या बाहेरच होता.

सादात यांची ऑक्टोबर १९८१ मध्ये हत्या झाली. त्यानंतर बंधने काहीशी सैल झाली आणि इमाम यांना प्रथमच देशाबाहेर मोठ्या श्रोत्यांपुढे गाता आले. फ्रान्स, ब्रिटन, ट्युनिशिया, अल्जीरिया, लिबिया, लेबनॉन. खोलीत गाणाऱ्या माणसापुढे आता हजारोंची सभागृहे होती आणि श्रोत्यांना शब्द न् शब्द पाठ होता. नेमक्या याच दिवसांत दोन दशकांची जोडी फुटली. श्रेय कोणाचे, कमाई कोणाची, पुढे कोण आणि मागे कोण, असे वाद झाले. कवीचे चाहते इमाम यांना नेग्म यांचा कर्णा मानतात. गायकाचे चाहते म्हणतात की, चाल नसती तर कविता गल्ली ओलांडून गेली नसती. दोन्ही पक्षांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. नेग्म फुटीनंतरही लिहीत राहिले, इमाम इतर कवींची गाणी गात राहिले. पण पूर्वीची धार दोघांपैकी कोणालाही एकट्याने गवसली नाही.

अखेरची वर्षे होश कदममध्येच गेली. प्रकृती ढासळली होती, येणारे-जाणारे कमी झाले होते. ज्या माणसाच्या फिती अरब देशांतील विद्यार्थ्यांच्या खोल्यांतून वाजत होत्या, त्याच्या घरी वैभवाची कोणतीही खूण नव्हती. जून १९९५ मध्ये, वयाच्या ७६ व्या वर्षी, शेख इमाम यांनी त्याच गल्लीत देह ठेवला.

जानेवारी २०११ मध्ये कैरोच्या तहरीर चौकात होस्नी मुबारक यांच्या राजवटीविरुद्ध जनसागर लोटला, तेव्हा त्यात इमाम यांच्या मृत्यूनंतर शाळेत गेलेली पिढी मोठ्या संख्येने होती. इस्कंदरेला या गटाचे कलावंत ऊद घेऊन चौकात बसले आणि दरवीश व इमाम यांच्या चाली गाऊ लागले. भोवतालच्या तरुणांनी त्या उचलल्या. नेग्म तेव्हा ऐंशीच्या घरात होते. त्यांनी तो जमाव पाहिला. डिसेंबर २०१३ मध्ये तेही गेले.