मावळ पायाखाली घालून कादंबरी लिहिणारे गोनीदा

भाजे (ता. मावळ) : मळवली स्टेशनावर उतरायचं, एक्स्प्रेस वे ओलांडून भाज्यात यायचं, लेण्यांची पायवाट बाजूला ठेवून गायमुख खिंडीचा चढ धरायचा आणि लोहगडवाडीतून गडाच्या पायऱ्या चढायच्या. शनिवार-रविवारी या वाटेवर पाय ठेवायला जागा नसते. गडाच्या माथ्यावर पोचलं की दक्षिणेला पवनेचं पाणी पसरलेलं दिसतं, त्याच्या एका अंगाला तुंग, दुसऱ्या अंगाला तिकोना. मंडळी फोटो काढतात आणि उतरतात. समोरच्या या खोऱ्यावर एक अख्खी कादंबरी आहे आणि ती लिहिणारा माणूस इथून काही स्टेशनं पलीकडे, तळेगाव दाभाड्यात राहायचा, हे त्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असतं.

तो माणूस म्हणजे गोपाळ नीलकंठ दांडेकर. वाचकांचे गोनीदा, जवळच्यांचे आप्पा.

त्यांचा जन्म मावळातला नाही. 8 जुलै 1916 रोजी विदर्भात परतवाड्याला ते जन्मले. वयाच्या तेराव्या वर्षी, शाळा सातवीत असताना, स्वातंत्र्य चळवळीच्या ओढीनं घर सोडलं. शिक्षण तिथंच थांबलं म्हणायचं. पण तिथून जी भटकंती सुरू झाली, तीच त्यांची खरी शाळा. गाडगेबाबांच्या सहवासात राहिले, हातात झाडू घेतला. आळंदीत वेदान्ताचा अभ्यास केला. औंधला पंडित सातवळेकरांकडे काम केलं. नर्मदेची परिक्रमा पायी केली. कुठं धर्मशाळेत झोप, कुठं कुणाच्या ओसरीवर, कुठं माधुकरीचा तुकडा. या वर्षांत पुढं कादंबरीकार व्हायचंय म्हणून त्यांनी काही टिपून ठेवलं असेल असं वाटत नाही. पोट आणि मन जिकडं नेईल तिकडं ते गेले. पण माणूस कसा बोलतो, कशानं रडतो, भुकेला असताना कसा वागतो, हे सगळं आत साठत गेलं. ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ ही कादंबरी त्या परिक्रमेतून आली आणि ‘स्मरणगाथा’ त्या सगळ्या भटक्या वर्षांतून. ‘स्मरणगाथा’ला 1976 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. सातवीत शाळा सोडलेल्या माणसाचं हे काम आहे, हे आपल्याकडच्या पोरांना सांगायला पाहिजे.

स्वातंत्र्याच्या सुमारास ते तळेगावात स्थिरावले. लेखणीवर घर चालवायचं ठरवलं. आज हे अवघड आहे, तेव्हा तर वेडेपणाच होता. स्थिरावले म्हणायचं, पण पाय काही स्थिर झाले नाहीत. सह्याद्री दाराशीच होता. पाठीवर पिशवी, गळ्यात कॅमेरा आणि गड. एकदा बघितला म्हणून गड झाला, असं त्यांचं नव्हतं. राजगडासारख्या गडावर ते पुन्हा पुन्हा गेले. पावसात गेले, उन्हाळ्यात गेले, मुक्कामाला राहिले.

कादंबरीसाठी माहिती जमवायची म्हणजे काय, याचं उत्तर या पुन्हा पुन्हा जाण्यात आहे. फ्रान्समध्ये एमिल झोला नावाचा मोठा कादंबरीकार होऊन गेला. खाणकामगारांवर लिहायचं म्हणून 1884 साली तो वही घेऊन कोळशाच्या खाणीत उतरला, कामगारांची घरं बघितली, टिपणं काढली आणि परत येऊन लिहायला बसला. तीही पद्धत खरीच, आणि त्यातून मोठं पुस्तक झालं. गोनीदांची पद्धत वेगळी. आधी विषय, मग माहिती, असा त्यांचा क्रम बहुतेक वेळा नव्हताच. आधी जागा, मग माणसं, मग त्या माणसांची बोली, आणि गोष्ट सगळ्यात शेवटी. डोंगरात एखाद्याच्या घरी तुम्ही एकदा गेलात तर तो तुम्हाला पाहुणा समजून चांगलं-चुंगलं बोलतो. दुसऱ्यांदा गेलात तर घरातलं भांडण सांगतो. पाचव्यांदा गेलात की तुमच्यासमोरच भांडतो. कादंबरीला लागतं ते हे पाचव्या खेपेचं.

‘पवनाकाठचा धोंडी’ वाचताना हे कळतं. धोंडी हवालदार हा तुंगीच्या सावलीतला शेतकरी. गडावर आता राज्य नाही, फौज नाही, तोफ नाही, पण घराण्यातल्या हवालदारीचा मान त्याच्या अंगात मुरलेला आहे. मावळात असे म्हातारे कालपरवापर्यंत होते. अंगावर फाटकी बंडी, पण गडाचं नाव काढलं की पाठ ताठ व्हायची. हे दफ्तरात सापडत नाही. दफ्तरात हवालदाराचं नाव मिळेल, त्याला मिळणारं धान्य मिळेल. तो मान दीडशे वर्षांनंतर एका गरीब घरात कसा जगतोय, हे बघायला त्या घराच्या ओटीवरच बसावं लागतं. या कादंबरीवर पुढं 1966 साली मराठी सिनेमाही आला.

राजमाचीचंही तसंच. लोणावळ्याहून तुंगार्लीच्या बाजूनं राजमाचीला जाणारी वाट आता ट्रेकरवाल्यांना तोंडपाठ आहे. श्रीवर्धन, मनरंजन आणि खाली उधेवाडी. गोनीदांनी या माचीवर एकटा राहणारा म्हातारा उभा केला, ‘माचीवरला बुधा’. माणसांच्या गर्दीला विटलेला आणि झाडं, पाखरं, जनावरं यांच्यात रमलेला बुधा. या कादंबरीत गोष्ट अशी फार नाही. पण कोणतं झाड कधी फुटतं, पाऊस दरीतून वर कसा चढतो, उन्हाळ्यात माचीवर पाणी कुठं टिकतं, हे सगळं बरोबर आहे. शेती करणारा माणूस पुस्तक वाचताना अशाच जागी लेखकाला पकडतो. राब भाजायच्या दिवसात कुणी भाताची आवणी दाखवली, की पुढचं काही खरं वाटत नाही. गोनीदा तिथं सापडत नाहीत.

त्यांची दुसरी मोठी कमाई म्हणजे बोली. ‘शितू’ आणि ‘पडघवली’ कोकणातल्या, तिथली भाषा कोकणची. ‘पूर्णामायची लेकरं’ वऱ्हाडातली, तिच्यात वऱ्हाडी. ती तर त्यांनी लहानपणी कानांनी प्यालेली. मावळातल्या कादंबऱ्यांत मावळची. ‘जैत रे जैत’ ठाकरांची, तिच्यात त्यांचे देव, त्यांच्या समजुती आणि मधमाश्यांचा डोंगर. तिच्यावरचा डॉ. जब्बार पटेलांचा सिनेमा 1977 चा, त्यातली गाणी आजही गावोगाव वाजतात, पण मूळ कादंबरी गोनीदांची हे विसरलं जातं. चार मुलखांच्या चार बोली एका माणसाच्या हातून उतरल्या. बोली शिकायला पुस्तक नसतं. वाटेवरच्या माणसाबरोबर चालावं लागतं आणि आपलं तोंड बंद ठेवावं लागतं.

शिवकाळावर त्यांनी ‘बया दार उघड’, ‘हर हर महादेव’, ‘दर्याभवानी’, ‘झुंझार माची’ आणि ‘हे तो श्रींची इच्छा’ अशा पाच कादंबऱ्या लिहिल्या. इथं मात्र नुसतं चालून भागणारं नव्हतं. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या माणसाच्या ओसरीवर कसं बसणार? तिथं बखरी आणि जुनी कागदपत्रं लागतात, तेव्हाची भाषा लागते. पण कागद वाचून झाल्यावर गड चढल्याशिवाय त्यांची लेखणी उठत नसावी, असं या कादंबऱ्या वाचताना वाटतं. दरवाजा कोणत्या तोंडाला आहे, कड्यावरून खाली वस्ती दिसते का, पायथ्यापासून चढायला किती वेळ जातो, याचा अंदाज पायांनी घेतलेला आहे.

आता एक गोष्ट बोलली पाहिजे, कारण ती मावळाची आहे.

गोनीदांनी ‘आम्ही भगीरथाचे पुत्र’ ही कादंबरी भाक्रा-नांगल धरणावर लिहिली. त्यासाठी ते थेट पंजाबात, सतलजवरच्या त्या कामाच्या जागी गेले. देश नवा होता, धरणं ही नवी देवळं वाटत होती, आणि हजारो माणसं मिळून नदी अडवतात याचं त्यांना कौतुक होतं. तेव्हा ते देशभर सगळ्यांनाच होतं. पुढं काही वर्षांनी, 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला, त्यांच्याच पवनेवर धरण झालं. ज्या खोऱ्यात धोंडी हवालदार नांगर धरून चालला, त्या खोऱ्यातली भाताची खाचरं, घरं, देवळं पाण्याखाली गेली. पवनानगरच्या त्या बांधामागच्या पाण्यावर आज पिंपरी-चिंचवडचे नळ चालतात. जमिनी गेलेल्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न मात्र पुढं अनेक दशकं रेंगाळला. मावळातल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको.

त्यामुळे ‘पवनाकाठचा धोंडी’ या पुस्तकाचा अर्थच बदलला. लिहिताना ती एका हट्टी, मानी शेतकऱ्याची गोष्ट होती. धरणानंतर ती बुडालेल्या खोऱ्याची नोंद झाली. नदीकाठी माणसं कशी राहायची, एकमेकांना कशी हाक मारायची, गडाशी त्यांचं नातं काय होतं, हे सरकारी भूसंपादनाच्या कागदात नाही. तिथं फक्त गट नंबर, क्षेत्र आणि रक्कम. बाकीचं जे गेलं त्यातलं थोडंफार या पुस्तकात राहिलं, आणि तेही एक माणूस त्या काठानं वेळीच हिंडला म्हणून.

अर्थात कादंबरी म्हणजे सातबारा नव्हे. गोनीदांचा मावळा कधी कधी जरा जास्तच भाबडा आणि उजळ होतो. गरिबीचा जाच, सावकार, गावकीतली जातीची उतरंड यांच्यावर त्यांची नजर रानापाखरांइतकी रेंगाळत नाही. डोंगर त्यांना फार प्रिय होता, आणि प्रेमात पडलेला माणूस काही गोष्टी बघत नाही. म्हणून त्यांच्या कादंबरीला इतिहासाचा पुरावा करू नये. पण त्या काळातली हवा, पाऊस, वाट आणि बोलणं यांच्या बाबतीत तिच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवायला हरकत नाही.

1981 साली अकोल्याला झालेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. तेराव्या वर्षी जो मुलूख सोडला, त्याच वऱ्हाडानं त्यांना हा मान दिला. गडांवर त्यांनी ‘दुर्गदर्शन’, ‘दुर्गभ्रमणगाथा’ अशी पुस्तकं लिहिली. ती वाचून घराबाहेर पडलेली माणसं आज आजोबा झाली आहेत आणि नातवंडांना घेऊन लोहगड चढतात. गोनीदांच्या कन्या डॉ. वीणा देव यांनी पुढं वडिलांच्या कादंबऱ्यांचं अभिवाचन गावोगाव केलं. पुस्तक विकत घेणं परवडत नव्हतं अशा पुष्कळ घरांत गोनीदा पोचले ते कानांवाटे.

1 जून 1998 रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. पाऊस तोंडावर आला होता, मावळात पेरण्यांची लगबग सुरू व्हायचे दिवस.

उन्हाळ्याच्या शेवटी पवना धरणाचं पाणी खाली जातं तेव्हा जुन्या वस्तीच्या खुणा वर येतात. काही जुनी माणसं काठावर उभं राहून बोटानं दाखवतात, इथं आमचं घर, तिथं खळं. जून-जुलैचा पाऊस चार दिवस लागला की ते सगळं पुन्हा पाण्याखाली जातं.