विनोबांचे उतारवयातले घर

वृद्धाश्रमाचे नाव काढले की घरातल्या वडीलधाऱ्यांचा चेहरा उतरतो. आपण मुलांना जड झालो का? शेजारीपाजारी काय म्हणतील? तिथे आपले कोण? शेवटच्या घटकेला उशाशी कोण असेल? असे प्रश्न त्यांच्या मनात दाटून येतात. मुलेही विषय काढायला कचरतात. मग एके दिवशी आई घरात पडते किंवा वडील अंथरूण धरतात आणि घाईघाईने निर्णय होतो. ज्यांच्याविषयी तो होतो, त्यांना विचारायचे मात्र राहून जाते. अशा वेळी आपल्याच महाराष्ट्रातील एका थोर माणसाचे उतारवय आठवण्यासारखे आहे. ते म्हणजे आचार्य विनोबा भावे.

विनोबांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी आजच्या रायगड जिल्ह्यातील गागोदे गावी झाला. १९१६ साली त्यांनी घर सोडले व ते गांधीजींच्या आश्रमात दाखल झाले. त्यांनी लग्न केले नाही. बाळकोबा व शिवाजी हे त्यांचे दोन्ही भाऊही ब्रह्मचारीच राहिले. म्हणजे म्हातारपणी पाणी देणारा मुलगा, सून, नातवंडे यांपैकी कोणीही त्यांना असणार नव्हते.

पवनारला ते प्रथम आले ते आजारी माणूस म्हणून. १९३८ साली त्यांची प्रकृती फार खालावली होती. गांधीजींनी हवापालटाचा आग्रह धरला, तेव्हा त्यांनी वर्ध्याजवळचे, धाम नदीच्या काठचे पवनार निवडले. जमनालाल बजाज यांचा बंगला तिथे होता. विनोबांनी मनातल्या साऱ्या काळज्या बाजूला ठेवल्या आणि शेतात रोज थोडा वेळ खणायला सुरुवात केली. हळूहळू वेळ वाढवत नेला, तशी प्रकृतीही सुधारत गेली. याच खोदकामात त्यांना राम-भरत भेटीची प्राचीन मूर्ती सापडली. ती आजही आश्रमात आहे.

पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे भूदानाला आरंभ झाला आणि त्यानंतर सुमारे तेरा वर्षे विनोबा भारतभर पायी हिंडले. या भटकंतीतही त्यांनी पवनारला एक रोप लावून ठेवले. २५ मार्च १९५९ रोजी तिथे ब्रह्मविद्या मंदिर सुरू झाले. निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या भगिनी एकत्र राहू लागल्या. शेती, स्वयंपाक, झाडलोट, छापखाना ही सारी कामे त्या स्वतः करीत आणि निर्णय सर्वांच्या संमतीने घेत.

१९७० च्या ऑक्टोबरात, वयाच्या पंचाहत्तरीत, विनोबांनी क्षेत्रसंन्यास घेतला. एकाच ठिकाणी राहण्याचे हे व्रत होते. देश पायाखाली घातलेल्या माणसाने स्वतःहून आपले जग आश्रमाच्या आवारापुरते केले. ऐकू कमी येत होते, शरीर थकले होते. पण ते तिथे नुसते पडून राहिले नाहीत. आवारातला पालापाचोळा, काडीकचरा ते स्वतः वेचत. येणाऱ्यांना भेटत, प्रार्थनेला बसत. २५ डिसेंबर १९७४ पासून त्यांनी वर्षभर मौन पाळले. बायबलचाही त्यांचा अभ्यास होता. त्याचे सार त्यांनी ‘ख्रिस्तधर्म-सार’ या पुस्तकात संकलित केले आहे.

नोव्हेंबर १९८२ मध्ये त्यांना हृदयविकाराचा झटका आला. काही दिवसांनी त्यांनी अन्न, पाणी व औषध घेणे थांबवले. अनेकांनी विनवले, पण त्यांनी ऐकले नाही. १५ नोव्हेंबरला, दिवाळीच्या दिवशी, पवनारलाच त्यांचे देहावसान झाले. या अखेरच्या निर्णयात आपण त्यांच्यामागे जाऊ शकत नाही. त्रासदायक व निष्फळ उपचार नाकारता येतात, पण अन्नपाणी ही आजाऱ्याची साधी सेवा आहे, असे आपली ख्रिस्तसभा शिकवते. मात्र रक्ताचे नाते नसलेल्या माणसांनी त्यांची शेवटपर्यंत सेवा केली, ही गोष्ट विसरता येत नाही.

कोणी म्हणेल, विनोबा मोठे होते, त्यांच्याभोवती माणसांची वाण नव्हती. हे खरेच आहे. पवनारचा आश्रम हा काही वृद्धाश्रमही नव्हे. परंतु तिथे तरुणपणी आलेल्या कितीतरी भगिनी तिथेच म्हाताऱ्या झाल्या. आपल्या धर्मभगिनीही मठातच वृद्ध होतात. त्यांना कोणी टाकून दिले असे आपण म्हणत नाही. कारण ती जागा त्यांनी स्वतः निवडलेली असते, तिथली माणसे आधीपासून ओळखीची असतात आणि थकल्यावरही जमेल तेवढे काम व प्रार्थना यांत त्यांचा वाटा राहतो. आपल्या वृद्धांना खुपते ते बहुधा हेच, की आपण जात नाही, आपल्याला पाठवले जाते.

क्रुसावरून प्रभू येशूने आपल्या आईला योहानाच्या हाती सोपवले. पवित्र मरिया पोटच्या मुलाच्या नव्हे, तर शिष्याच्या घरी राहिली. म्हणून परक्या हातांनी होणारी सेवा कमी प्रतीची नाही. पण येशूने मरणाच्या वेदनेतही आईची आठवण ठेवली. योहानानेही तिला स्वतःच्या घरी नेले.

तेव्हा घरातील आईवडील धडधाकट आहेत तोवरच त्यांच्याजवळ बसा. पुढे कुठे राहायला आवडेल, हे त्यांनाच विचारा. संस्थेत जाण्याचे ठरलेच, तर आधी चार वेळा त्यांच्याबरोबर जाऊन ती पाहा. तिथे मिस्सा होते का, जपमाळेला सोबत मिळते का, त्यांच्या हातांना काही काम आहे का, याची चौकशी करा. आणि ते तिथे राहू लागल्यावर रविवारचा एक तास त्यांचा ठेवा. वडीलधाऱ्यांनीही हा विषय अभद्र मानून टाळू नये. आपल्या मनात काय आहे ते मुलांना स्पष्ट सांगावे.

या रविवारी आपल्या कुटुंबातील व वृद्धाश्रमांतील सर्व वयोवृद्धांसाठी प्रार्थना करू या.