हायकोर्टाच्या आधीचे रानडे : तालुक्याच्या कोर्टात घडलेले न्यायमूर्ती

१६ जानेवारी हा न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा स्मृतिदिन. समाजसुधारक आणि अर्थशास्त्राचे जाणकार म्हणून त्यांची ओळख आपल्याला शाळेतच होते. पण नोकरी म्हणून जे काम त्यांनी आयुष्यभर केलं, त्याबद्दल फारसं कुणी सांगत नाही. हायकोर्टात ते बसले फक्त शेवटची सात वर्षं. त्याआधीची वीसेक वर्षं बहुतेक खालच्या कोर्टांतच गेली. आपण तालुक्याच्या गावी ज्या आवारात पुढच्या तारखेसाठी ताटकळतो, तसल्याच कोर्टांत. शेतकऱ्याच्या बाजूनं बघितलं तर त्यांचं मोठं काम तिथलंच आहे.

रानडे जन्मले नाशिक जिल्ह्यातल्या निफाडला, १८ जानेवारी १८४२ रोजी. वडील नोकरीनिमित्त कोल्हापूर संस्थानात आले, त्यामुळं लहानपण कोल्हापुरात गेलं. म्हणजे आपल्या बेळगावपासून अवघ्या शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. पुढं शिकायला मुंबईला एल्फिन्स्टनमध्ये गेले. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांत त्यांचं नाव आहे. १८६२ ला बीए, १८६४ ला एमए, १८६६ ला कायद्याची पदवी. मग थोडे दिवस अक्कलकोटला कारभार पाहिला, १८६७ मध्ये कोल्हापुरात न्यायाधीशाचं काम केलं, एल्फिन्स्टनमध्ये इंग्रजी शिकवलं. १८७१ च्या अखेरीस ते पुण्यात फर्स्ट क्लास सबजज्ज म्हणून आले.

त्यावेळची कोर्टाची उतरंड समजून घेतली पाहिजे, कारण आपला जिल्हाही त्याच उतरंडीत होता. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात. १८६९ च्या दिवाणी कोर्टांच्या कायद्यानं खाली दोन वर्गांचे सबजज्ज, वर जिल्हा जज्ज आणि सगळ्यांच्या वर १८६२ मध्ये सुरू झालेलं मुंबईचं हायकोर्ट अशी रचना होती. सेकंड क्लास सबजज्जाला ५,००० रुपयांपर्यंतचे दावे चालवता यायचे, त्यावरचे फर्स्ट क्लासकडं. कागदावर सगळं व्यवस्थित होतं. अपील होतं, मुदतीचा कायदा होता, वकील होते. फक्त शेतकरी कोर्टात येत नव्हता.

का येत नव्हता? कोर्ट लांब. समन्स आलं तरी त्यात काय लिहिलंय ते वाचता येत नाही. पेरणी सोडून दोन-तीन दिवस जायचं, वकिलाला पैसे द्यायचे, आणि अंगठा तर आपणच दिलेला. मग जाऊन सांगणार काय? तो गेला नाही की दावा एकतर्फी निकाली. सावकार हुकूमनामा घेऊन यायचा, मागोमाग बेलीफ. जप्ती तरी किंवा दिवाणी तुरुंग तरी.

मी कॉमर्सचा माणूस, त्यामुळं हिशेबच मांडून बघतो. समजा शेतकऱ्यानं शंभर रुपये घेतले, व्याज दरमहा शेकडा दोन. रोख्यावर दावा लावायची मुदत तीन वर्षं. तीन वर्षं भरत आली की सावकार म्हणणार, नवीन खत लिहून दे. शंभराचे झाले १७२, आणि नव्या खतात ते मुद्दल म्हणून लागले. आणखी तीन वर्षांनी २९६. नवव्या वर्षाच्या शेवटी ५०९. मधे एक पैसाही नवा घेतलेला नाही. शेतकऱ्याच्या संरक्षणासाठी म्हणून मुदत ठेवली, आणि तीच त्याच्या गळ्याला लागली. कोर्टापुढं यायचं ते शेवटचं खत. कोर्ट आकडा बघणार, अंगठा बघणार, डिक्री देणार. त्यात जज्जाची लबाडी काहीच नव्हती, कायद्यानं त्याला मागचं विचारायची सक्तीच नव्हती.

१२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात हे सगळं फुटलं. शेतकऱ्यांनी सावकारांची घरं गाठली आणि खतं, वह्या मागून घेऊन जाळल्या. दंगा पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला. माणसं फारशी मारली गेली नाहीत, राग कागदावर होता. रानडे त्यावेळी पुण्यातच सबजज्ज होते. सार्वजनिक सभेच्या कामात त्यांचं डोकं होतंच. शेतकऱ्यांच्या स्थितीचा अभ्यास सभेनं चालवला होता, आणि सभेच्या मंडळींनी आपसात भांडणं मिटवायला लवाद कोर्टंही काढून पाहिली.

सरकारी नोकर असून असल्या कामात लक्ष घालतो, हे सरकारला खुपत होतं. १८७८ मध्ये बदली नाशिकला. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड झालं, पुण्यात बुधवार वाड्याला आग लागली, आणि रानड्यांना पाठवलं धुळ्याला. तिथं त्यांची पत्रं फोडून वाचली जात होती. रानडे कोर्टात जात राहिले, काम करत राहिले. पुढं संशय फिटला.

त्याच १८७९ साली डेक्कन शेतकरी मदत कायदा आला. सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी. या कायद्यानं कोर्टाची वागण्याची तऱ्हाच बदलली. जज्जानं नुसतं शेवटचं खत बघायचं नाही, व्यवहार सुरू झाला तिथपासून हिशेब काढायचा. मुद्दल वेगळं, व्याज वेगळं, व्याजाचं मुद्दल करायचं नाही. शेतकरी प्रतिवादीला बोलावून स्वतः विचारायचं. हप्ते बांधून द्यायचे. पैशाच्या डिक्रीसाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद. गहाण न दिलेली जमीन विकणं बंद. पैसे मिळाले की सावकारानं लेखी पावती द्यायची. दहा रुपयांपर्यंतचे दावे गावातच, पाटील किंवा गावात वजन असलेल्या माणसाला मुन्सफ नेमून. आणि कोर्टात जायच्या आधी तडजोड करून देणाऱ्या माणसाकडं जायचं.

या दाव्यांत अपील ठेवलं नव्हतं, कारण अपीलच गरिबाला बुडवतं असा अनुभव होता. मग खालचा जज्ज चुकला तर? त्यासाठी स्पेशल जज्ज. त्यानं जिल्ह्याजिल्ह्यांत फिरायचं, कोर्टांची दप्तरं तपासायची, चूक दिसली तर निकाल दुरुस्त करायचा. पक्षकारानं वर धावायचं नाही, वरच्यानंच खाली यायचं.

१८८१ पासून रानडे या तपासणीच्या कामावर आले. आधी स्पेशल जज्जांचे मदतनीस म्हणून. मधे पुण्याच्या स्मॉल कॉज कोर्टात जज्ज झाले आणि १८८७ नंतर स्वतः स्पेशल जज्ज. वर्षातले कित्येक महिने दौरा. आज या गावी मुक्काम, उद्या पुढच्या. बरोबर पत्नी रमाबाई. पहिली पत्नी गेल्यावर विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानड्यांनी वडिलांच्या आग्रहापुढं नमून अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लग्न केलं, त्याबद्दल लोकांनी त्यांना बोल लावले आणि ते रास्तही होते. पण त्याच रमाबाईंना त्यांनी शिकवलं, आणि दौऱ्यांतल्या त्या दिवसांची हकीकत आज आपल्याला कळते ती रमाबाईंच्या आठवणींच्या पुस्तकामुळं.

हे काम नाव मिळवून देणारं नव्हतं. कुठल्या तरी सबजज्जानं चाळीस रुपयांच्या दाव्यात मागचा हिशेब काढला की नाही, प्रतिवादीला विचारलं की नाही, हप्ता झेपेल असा बांधला की नाही, हे फायलीमागून फायल बघत बसायचं. ज्याचा फायदा होणार त्याला रानडे हे नावही ठाऊक नसायचं.

कायद्यानं सगळं साधलं असं नाही. सावकारांनी वाटा शोधल्या. गहाणखताऐवजी सरळ खरेदीखतच लिहून घेऊ लागले. तडजोड करून देणारे सगळेच सरळ नव्हते. रानड्यांना हे दिसत होतं. कोर्ट कर्जाचा हिशेब नीट करू शकतं, पण बी-बियाण्याला पैसे देऊ शकत नाही. म्हणून शेतीला वाजवी व्याजानं कर्ज देणाऱ्या पेढ्या हव्यात, हे त्यांनी पुढं सविस्तर मांडलं.

१८९३ मध्ये न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग वारले आणि त्यांच्या जागी रानडे हायकोर्टात गेले. १६ जानेवारी १९०१ ला मुंबईत त्यांचं निधन झालं. एकोणसाठ पूर्ण व्हायला दोन दिवस राहिले होते.

आता आपल्याकडं बघू. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूरमध्ये गेलं आणि इथल्या अपिलांची वाट बेंगळुरूकडं वळली. २००८ मध्ये धारवाडला हायकोर्टाचं खंडपीठ सुरू झालं तेव्हा कुठं अंतर कमी झालं. पण खानापूर किंवा निपाणीकडच्या एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या हातात कोर्टाचा कागद पडला, की आजही तो आधी शेजारच्या पोराला शोधतो, यात काय लिहिलंय ते विचारायला. कागद कन्नडमध्ये, त्याचं वाचन मराठीत. कित्येकदा तो कागद देव्हाऱ्यामागं जातो आणि तारीख निघून जाते.

अशांनी एवढं तरी करावं. कागद दडवू नये, तारखेला हजर राहावं. तालुक्याच्या कोर्टात कायदा सेवा समिती असते. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कमी उत्पन्नवाले यांना तिथून फुकट वकील मिळतो. लोकअदालतीत तडजोड झाली तर भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि पुढं अपिलाचं लचांड राहत नाही.

पण नुसतं लोकांना शहाणपण सांगून भागत नाही. जो आला नाही, तो का आला नाही हे कोर्टानंही विचारलं पाहिजे. रानडे तेच विचारत चार जिल्हे फिरले.