केशवराव भोसले

केशवराव विठ्ठल भोसले (जन्म : कोल्हापूर, ९ ऑगस्ट १८९०, मृत्यू : ४ ऑक्टोबर १९२१) हे मराठी संगीत रंगभूमीवरील एक श्रेष्ठ गायक-नट आणि ललितकलादर्श या नाटक मंडळीचे संस्थापक होते. संगीतसूर्य या उपाधीने ते ओळखले जातात. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत बालगंधर्वांसह त्यांनी केलेल्या संयुक्त मानापमानाच्या प्रयोगामुळे गाण्यातील अवघडपणा मोठा की गोडवा, हा मराठी रसिकांचा जुना वाद त्यांच्या नावाशी कायमचा जोडला गेला.

बालपण आणि जडणघडण

पितृछत्र लवकर हरपल्याने आणि घरची गरिबी असल्याने केशवराव अगदी लहानपणीच स्वदेश हितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाले. शालेय शिक्षण असे त्यांना मिळालेच नाही. जे शिकले ते तालमीत, पडद्यामागे आणि गायकांच्या सहवासात. गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘शारदा’ नाटकातील शारदेच्या भूमिकेने हा मुलगा नाट्यरसिकांच्या नजरेत भरला. पुढे रामकृष्णबुवा वझे यांची तालीम त्यांना लाभली. वझेबुवांची गायकी पेचदार आणि दमसासाची कसोटी पाहणारी होती. केशवरावांच्या गाण्यातील तानेची धार व लयीवरची पकड यांचे मूळ या तालमीत आहे.

ध्वनिवर्धक नसलेल्या काळातील हे गाणे आहे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. नाटक रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चाले आणि पिटातल्या शेवटच्या बाकापर्यंत शब्द पोहोचवावा लागे. उंच पट्टीत, मोकळ्या आवाजात, न थकता गाणे ही नटाची रोजची गरज होती. केशवरावांनी त्या गरजेचेच सामर्थ्य केले.

ललितकलादर्श

१ जानेवारी १९०८ रोजी, वयाच्या अठराव्या वर्षी, केशवरावांनी हुबळी येथे ललितकलादर्श मंडळी स्थापन केली. वीर वामनराव जोशी यांच्या ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ नाटकात त्यांनी केलेली मृणालिनी गाजली. या नाटकाच्या पदांना चाली वझेबुवांच्या होत्या. मामा वरेरकरांची ‘हाच मुलाचा बाप’ व ‘संन्याशाचा संसार’ ही नाटके रंगभूमीवर आणून केशवरावांनी हुंड्यासारखे तत्कालीन प्रश्न संगीत नाटकाच्या प्रेक्षकांपुढे मांडले. नेपथ्य, पडदे आणि वेशभूषा यांबाबत ते काटेकोर होते व त्यावर खर्च करताना हात आखडता घेत नसत. कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे त्यांच्याकडे लक्ष असे.

स्त्री-भूमिकांतून पुरुष-भूमिकांकडे ते वळले, ही त्यांच्या कारकिर्दीतील महत्त्वाची घटना होय. लालित्य हेच स्त्रीपार्टी नटाचे भांडवल मानले जाई, आणि ते ज्याच्यापाशी होते अशा नटाने ते बाजूला ठेवून वीरवृत्तीची भूमिका उभी करणे सोपे नव्हते. केशवरावांची गायकी केवळ पहिलवानी होती असे म्हणणाऱ्यांनी शारदा आणि मृणालिनी विसरू नयेत.

संयुक्त मानापमान

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘मानापमान’ १९११ साली किर्लोस्कर नाटक मंडळीने प्रथम रंगमंचावर आणले. गोविंदराव टेंबे यांनी त्याला दिलेल्या चालींवर ठुमरी आणि पूरब अंगाची छाया होती. पुढे गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या दोन्ही संस्था हे नाटक करीत आणि दोहोंचे चाहते आपापल्या मंडळीचा अभिमान बाळगून असत. टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी दोन्ही मंडळ्यांनी एकत्र प्रयोग करण्याचे ठरवले. मुंबईच्या बालीवाला थिएटरात तो झाला. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर आणि गणपतराव बोडस लक्ष्मीधर अशी भूमिकांची वाटणी होती. तिकिटांचे दर नेहमीच्या कितीतरी पट असूनही नाट्यगृह भरले.

हेतू देशकार्याचा असला, तरी प्रेक्षक आले होते ते दोघांची तुलना करायलाच. भास्करबुवा बखल्यांचे शिष्य असलेले बालगंधर्व शब्द गोंजारीत, लयीशी लडिवाळपणे खेळत, अनेकदा एखाद्याच स्वराने सभागृह हेलावून सोडीत. केशवरावांचे गाणे चपळ आणि आक्रमक होते. वरच्या सप्तकात झेपावणारी तान घेऊन ते समेवर अचूक येत. एकाच्या गाण्यात अवघड गोष्ट सोपी वाटे, दुसऱ्याच्या गाण्यात तिचा अवघडपणा ऐकणाऱ्याला जाणवे व त्याचाच रोमांच उभा राही. चालींतील नाजूकपणा तानांच्या माऱ्यात हरवतो, असा आक्षेप केशवरावांच्या पद्धतीवर घेतला गेला. उलट बाजूने, गोडव्याच्या आड कस कमी पडतो, असे बालगंधर्वांविषयी म्हणणारेही होते.

येथे निवाडा कोणी करायचा, हा खरा प्रश्न होता. बर्फावरील फिगर स्केटिंगच्या स्पर्धेत परीक्षक कसरतीच्या काठिण्याला आणि सादरीकरणाच्या सौंदर्याला दीर्घकाळ वेगवेगळे गुण देत आले. नाटकाच्या पिटाकडे मात्र एकच माप होते : वन्स मोअर. ते तानेला मिळाले, शब्दफेकीला मिळाले की नुसत्या लाडक्या नटाला, हे त्या आरोळीतून कळत नाही. त्यामुळे कोणी बाजी मारली याचे दोन्ही पक्षांनी सांगितलेले निकाल परस्परविरोधी आहेत. शिवाय भूमिकांची मागणीच भिन्न होती. श्रीमंतीच्या तोऱ्यातून प्रेमाकडे वळणारी भामिनी आर्जवाने गाणार आणि अपमानाने डिवचलेला सेनापती धैर्यधर तडफेने. धैर्यधराने भामिनीसारखे गायिले असते, तर त्या रात्री नाटकच उरले नसते. या दृष्टीने केशवरावांची तानबाजी हा त्यांच्या अभिनयाचाच भाग होता.

अखेर

या प्रयोगानंतर तीन महिनेही पुरे झाले नव्हते, तोच विषमज्वराने केशवरावांचे निधन झाले. त्या वेळी ते अवघे एकतीस वर्षांचे होते. ‘शहाशिवाजी’ हे त्यांच्या अखेरच्या काळातील नाटक. बालगंधर्वांना त्यानंतर शेहेचाळीस वर्षांचे आयुष्य लाभले. त्यांचे गाणे ध्वनिमुद्रिकांतून घरोघरी पोहोचले, ‘धर्मात्मा’ या बोलपटातून पडद्यावरही दिसले आणि त्यावर पुढच्या पिढ्यांचे कान तयार झाले. नंतरच्या काळात ज्यांनी त्या रात्रीचा निकाल दिला, त्यांच्यापैकी पुष्कळांनी एका गायकाला आयुष्यभर ऐकले होते आणि दुसऱ्याविषयी केवळ वडीलधाऱ्यांकडून ऐकले होते. तुलनेचे हे पारडे मुळातच समतोल नव्हते.

ललितकलादर्शची धुरा केशवरावांचे शिष्य बापूराव पेंढारकर यांनी उचलली आणि त्यांच्यानंतर पुत्र भालचंद्र पेंढारकर यांनी ती दीर्घकाळ वाहिली. शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबाग मैदानालगत उभारलेल्या पॅलेस थिएटरला केशवरावांचे नाव देण्यात आले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, त्यांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येला, हे नाट्यगृह आगीत भस्मसात झाले.