विश्लेषण : सरकारी शाळांचे जनक, तरीही पुतळा पाडला गेला… कोण होते एगर्टन रायर्सन?

टोरंटोमधील एका विद्यापीठाच्या आवारात एगर्टन रायर्सन यांचा पुतळा १८८९ पासून उभा होता. ६ जून २०२१ रोजी निदर्शकांनी तो खाली ओढला. पुढच्या वर्षी विद्यापीठाने त्यांचे नावही काढून टाकले. कॅनडात शिकायला जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांना परिचित असलेली ‘रायर्सन युनिव्हर्सिटी’ आता ‘टोरंटो मेट्रोपॉलिटन युनिव्हर्सिटी’ म्हणून ओळखली जाते. ज्या मेथडिस्ट धर्मोपदेशकाने ओंटारिओत मोफत शाळांचा पाया घातला, त्याच्यावर मृत्यूनंतर १३९ वर्षांनी ही वेळ का आली? उत्तर त्यांच्या कागदपत्रांत आहे, विशेषतः १८४७ च्या एका सरकारी पत्रात.

वडिलांनी घराबाहेर काढलेला मुलगा

रायर्सन यांचा जन्म १८०३ चा, त्या वेळच्या अप्पर कॅनडातला. म्हणजे आजच्या दक्षिण ओंटारिओतला. वडील ब्रिटिश राजाशी एकनिष्ठ असलेले माजी सैनिक आणि कट्टर अँग्लिकन. इंग्लंडमध्ये जॉन वेस्ली यांच्यापासून सुरू झालेला मेथडिस्ट पंथ त्यांना अजिबात मान्य नव्हता. या पंथाचे उपदेशक घोड्यावरून वस्त्यावस्त्यांवर फिरत, शेतकऱ्यांच्या घरात प्रार्थना घेत. अठराव्या वर्षी एगर्टन या पंथात गेला आणि वडिलांनी त्याला घर सोडायला सांगितले. गंमत अशी, की पुढे या घरातले पाच भाऊ मेथडिस्ट उपदेशक झाले!

१८२५ मध्ये त्यांची भटकंती सुरू झाली आणि वर्षभरातच पहिला मोठा वाद अंगावर आला. वसाहतीतील सरकारी जमिनीचा सातवा हिस्सा प्रोटेस्टंट धर्मगुरूंसाठी राखीव होता आणि अँग्लिकन चर्च त्यावर एकट्याचा हक्क सांगत होते. त्या चर्चचे प्रभावी नेते जॉन स्ट्रॅकन यांनी एका प्रवचनात मेथडिस्ट उपदेशकांना अडाणी आणि अमेरिकाधार्जिणे ठरवले. तेविशीतल्या रायर्सन यांनी वृत्तपत्रातून त्यांना सविस्तर उत्तर दिले. १८२९ मध्ये पंथाने ‘ख्रिश्चन गार्डियन’ हे साप्ताहिक सुरू केले, तेव्हा संपादक म्हणून त्यांचीच निवड झाली.

क्रेडिट नदीकाठचे वर्ष

या वादाच्याच काळात, १८२६ मध्ये, पंथाने त्यांना क्रेडिट नदीकाठी मिसिसागा आदिवासींच्या वस्तीवर पाठवले. आज भारतीय वंशाच्या मोठ्या लोकसंख्येसाठी ओळखले जाणारे मिसिसागा शहर याच परिसरात आहे. रायर्सन तिथे वर्षभर राहिले. ओजिब्वे भाषा शिकले, लोकांबरोबर शेतात राबले, शाळा आणि प्रार्थनाघर अशा दुहेरी उपयोगाच्या इमारतीसाठी वर्गणी गोळा केली. वस्तीने त्यांना उडत्या पक्ष्याच्या अर्थाचे नाव दिले. तिथल्याच पीटर जोन्स यांच्याशी त्यांची मैत्री झाली. जोन्स यांची आई मिसिसागा, वडील वेल्श वंशाचे, आणि ते स्वतःही मेथडिस्ट उपदेशक. ही मैत्री आयुष्यभर टिकली. म्हणूनच पुढचे पत्र समजून घेणे अवघड जाते. आदिवासी जीवन कधी पाहिलेच नाही अशा अधिकाऱ्याने ते लिहिलेले नव्हते.

शिक्षणाचे काम काय?

१८४४ मध्ये रायर्सन अप्पर कॅनडाच्या शिक्षण खात्याचे प्रमुख झाले. त्यानंतर वर्षभराहून अधिक काळ ते युरोपातल्या शाळा पाहत फिरले. प्रशियाची शिक्षक-प्रशिक्षणाची पद्धत, आयर्लंडची पाठ्यपुस्तके आणि अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सचा कारभार यांतून त्यांनी आपला आराखडा बांधला. १८४६ चा शाळा कायदा त्यातूनच आला, १८४७ मध्ये टोरंटोत शिक्षक-प्रशिक्षण शाळा सुरू झाली आणि १८७१ च्या कायद्याने प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे झाले. १८७६ मध्ये ते निवृत्त झाले. मात्र ‘सर्वांसाठी’ या शब्दाला त्यांच्या काळातही अपवाद होते. १८५० च्या कायद्यात कृष्णवर्णीय मुलांसाठी वेगळ्या शाळांची तरतूद होती आणि अनेक गावांनी तिचा वापर या मुलांना दूर ठेवण्यासाठी केला.

त्या पत्रात काय होते?

मे १८४७ मध्ये आदिवासी खात्याने आदिवासी मुलांच्या शाळा कशा असाव्यात, याबद्दल रायर्सन यांचे मत विचारले. त्यांनी उत्तरादाखल काही पानांचा अहवाल पाठवला. मुलांना वसतिगृहात ठेवावे, इंग्रजी व धर्म शिकवावा आणि त्यांतून कष्टाळू शेतकरी व शेतमजूर घडवावेत, असा त्याचा आशय. उन्हाळ्यात आठ ते बारा तास काम आणि दोन ते चार तास अभ्यास, असे दिवसाचे गणितही त्यात आहे. शाळा चर्चने चालवाव्यात, सरकारने मदत करावी आणि तपासणी ठेवावी, ही रचनाही त्यांनी सुचवली. याच माणसाने ओंटारिओच्या इतर मुलांसाठी घराजवळची शाळा मागितली होती.

इथे एक गुंतागुंत आहे. श्रमावर आधारलेल्या निवासी शाळा पीटर जोन्स यांनाही हव्या होत्या. त्यासाठी त्यांनी ब्रिटनमध्ये फिरून निधी जमवला. १८४६ मध्ये ओरिलिया येथील बैठकीत अनेक आदिवासी प्रमुखांनी आपल्या वार्षिक रकमेतला चौथा हिस्सा अशा शाळांसाठी द्यायचे कबूल केले. मात्र जोन्स यांना या शाळा आदिवासींच्याच हाती हव्या होत्या. माउंट एल्गिनची शाळा स्वतः चालवण्याची त्यांची इच्छा होती. प्रकृतीने साथ दिली नाही. रायर्सन यांच्या आराखड्यात तर आदिवासींच्या हाती कारभाराला जागाच नव्हती.

जबाबदारी कोणाची?

रायर्सन यांचे निधन फेब्रुवारी १८८२ मध्ये झाले. कॅनडाच्या केंद्र सरकारने निवासी शाळांची देशव्यापी व्यवस्था उभारायला सुरुवात केली ती १८८३ मध्ये, प्रामुख्याने १८७९ च्या निकोलस डेव्हिन यांच्या अहवालावरून. म्हणून त्यांना या व्यवस्थेचा शिल्पकार म्हणणे अतिशयोक्तीचे ठरते. पण सरकारने १८९८ मध्ये आदिवासी शाळांची आकडेवारी छापली, तेव्हा रायर्सन यांचे ते जुने पत्र परिशिष्ट म्हणून जोडले. म्हणजे खात्याला त्याचा आधार हवासा वाटत होता. या शाळांत सुमारे दीड लाख मुले गेली. अनेकांना आईवडिलांपासून बळाने तोडले गेले, हजारो मुले दगावली. २०१५ मध्ये सत्यशोधन आयोगाने याला सांस्कृतिक वंशसंहार म्हटले. मे २०२१ मध्ये कॅमलूप्सच्या जुन्या शाळेजवळ नोंद नसलेल्या संभाव्य दफनजागांची बातमी आली आणि दहा दिवसांत टोरंटोतला पुतळा पडला.

कागदपत्रे कुठे आहेत?

रायर्सन यांचे आत्मचरित्र अपुरे राहिले. त्यांचे सहकारी जॉर्ज हॉजिन्स यांनी ते १८८३ मध्ये प्रकाशित केले. प्राध्यापक सी. बी. सिसन्स यांनी पत्रांच्या आधारे १९३७ आणि १९४७ मध्ये दोन खंडांचे चरित्र लिहिले. मुलगी सोफी हिला लिहिलेल्या पत्रांचे पुस्तक १९५५ मध्ये आले. मूळ पत्रे टोरंटोत युनायटेड चर्चच्या अभिलेखागारात आहेत, तर शिक्षण खात्याच्या फायली ओंटारिओ सरकारकडे. पुतळा पुन्हा बसवलेला नाही. शिक्षक-प्रशिक्षण शाळेच्या जुन्या इमारतीचा दर्शनी भाग मात्र विद्यापीठाच्या आवारात शाबूत आहे. विद्यार्थी त्याच दारातून आता तळघरातल्या व्यायामशाळेत जातात.