एदुआर्ड बुखनर आणि तुमचा एसजीपीटी

तुमच्या लिव्हरच्या रिपोर्टमध्ये एसजीपीटी आणि एसजीओटी ही दोन नावे असतात. ही दोन एन्झाइम आहेत. पेशीबाहेरही एन्झाइम काम करते, हे दाखवून देणाऱ्या शास्त्रज्ञाची ओळख करून घेतलीत, तर हे आकडे समजायला मदत होईल.

एदुआर्ड बुखनर यांचा जन्म १८६० मध्ये जर्मनीतील म्युनिक येथे झाला. लहानपणीच वडील वारले. पैशांअभावी शिक्षण मध्येच सोडून त्यांना डबाबंद खाद्यपदार्थांच्या कारखान्यात काम करावे लागले. थोरले भाऊ हान्स यांच्या आधाराने ते पुन्हा शिकले आणि १८८८ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली.

साखर आंबून दारू व्हायला जिवंत यीस्ट लागतेच, असे तेव्हा बहुतेक शास्त्रज्ञ मानत. हान्स जंतुशास्त्रज्ञ होते. त्यांच्याकडील प्रयोगांसाठी यीस्ट वाळूबरोबर घोटून, दाबून तिचा रस काढला जाई. रस टिकावा म्हणून त्यात साखर घातली, तर बुडबुडे येऊ लागले. पेशी फुटल्या होत्या, तरी आतले एन्झाइम काम करत होते. बुखनर यांनी हे १८९७ मध्ये प्रसिद्ध केले आणि १९०७ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पहिल्या महायुद्धात ते रुमानियातील आघाडीवर जखमी झाले आणि ऑगस्ट १९१७ मध्ये त्यांचा मृत्यू झाला.

यीस्टचे जे झाले, तेच काविळीत लिव्हरच्या पेशींचे होते. पेशींना इजा झाली की एन्झाइम रक्तात उतरते. ते किती वेगाने काम करते हे लॅब मोजते आणि युनिटमध्ये लिहिते. विषाणूजन्य काविळीत हे आकडे वाढतात, हे १९५५ च्या सुमारास इटलीत दे रितिस यांनी दाखवले.

पण पेशी कोणी फोडली, हे एसजीपीटी सांगत नाही. हिपॅटायटिस बी असलेल्या रुग्णाचा आकडा अचानक वाढला, तर तो बी विषाणूच उसळला असेल किंवा ए, डी, ई यांपैकी दुसरा विषाणू सोबत आला असेल. एखादे औषध किंवा दारूही कारण असू शकते. डी विषाणू तर बी असलेल्यांनाच गाठतो आणि आजार गंभीर करू शकतो. म्हणून डॉक्टरांनी आणखी तपासण्या सांगितल्या, तर त्या टाळू नका.

आकडा उतरला की घरचे निश्चिंत होतात. कावीळही उतरत असेल आणि भूक परतली असेल, तर ते ठीकच. पण बिलिरुबिन आणि आयएनआर वाढत असताना एसजीपीटी झपाट्याने उतरला, तर फुटायला पेशीच फारशा उरल्या नाहीत, असाही त्याचा अर्थ असू शकतो. रुग्णाला गुंगी येत असेल, तो असंबद्ध बोलत असेल किंवा कुठूनही रक्त येत असेल, तर पुढच्या रिपोर्टची वाट पाहू नका. लगेच रुग्णालय गाठा.